वायपरखालची पट्टी

या, जरा पुढे सरून बसा. खांबाला टेकून बसलेल्यांनीही अलीकडे या. पाय दुखत असतील तर खुशाल पसरा, इथे कुणी रागावणार नाही. आज एक गोष्ट सांगणार आहे. तिच्यात राजा नाही, राक्षस नाही, देवही थेट येत नाही. एक अकरा वर्षांची करड्या रंगाची सेडान गाडी आहे, तिच्यातलं ओंजळभर पाणी आहे, आणि माझं तोंड आहे. कीर्तनाला बसलं की आपण सगळे नकळत चांगल्या माणसाच्या बाजूला जाऊन बसतो. या गोष्टीत मी दुसऱ्या बाजूला बसलो होतो आणि तीन महिने मला त्याचा पत्ता नव्हता. म्हणून म्हणतो, जवळ या. मोठ्याने सांगायची मला अजून पुरती सवय झालेली नाही.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. पेडण्याहून आम्ही दोघं निघालो होतो, मी आणि माझी बायको चंद्रावती. डिचोलीला चार वाजता श्रीनाथबुवांचं कीर्तन होतं आणि मला नमनापासून लागतं. नमन चुकलं की पुढचं सगळं कुणीतरी उष्टं केल्यासारखं वाटतं. धारगळला हमरस्त्यावर एक टेम्पो सरळ आडवा आला. मी ब्रेक दाबला. गाडी उभी राहिली, आणि त्याच क्षणी डावीकडच्या डॅशबोर्डखालून ओंजळभर थंडगार पाणी चंद्रावतीच्या पायांवर पडलं. सांडलं असं नाही. कुणीतरी आत लपून बसलं होतं आणि नेम धरून त्याने टाकलं, असं पडलं. "अगो बाय गे!" ती किंचाळली आणि तिने दोन्ही पाय सीटवर घेतले. "पाणी खंयसून इलां? पाऊस तर आठ दिस नाय!" बाहेर कडक ऊन होतं. रस्त्याकडेच्या भाजीवालीने टोपल्यांवर ओलं गोणपाट टाकलं होतं, तेवढाच काय तो ओलावा साऱ्या धारगळात. टेम्पोवाला मला काहीतरी बोलून निघून गेला, मागचे हॉर्न वाजवू लागले, आणि मी स्टिअरिंग धरून तसाच बसलो. पाऊस नाही. जुलैत आत पाणी आलं म्हणून पुढची काच तर ऑगस्टमध्ये म्हापशाला नव्याने, नवं रबर लावून बसवली. मग हे पाणी काचेचं नाही. मग जुलैतलं पाणीही काचेचं नसणार. एवढं गणित चौथीतल्या पोरालाही सुटेल, आणि मी तर चाळीस वर्षं चौथीच शिकवली. गणित सुटलं.

गाडी मी सावलीला घेतली. चंद्रावती पदराने पाय पुसत होती आणि मला त्या पाण्याचा वास आला. तो वास मला नवा नव्हता. दोन वर्षं तरी तो माझ्या गाडीत होता. ओला, गोडसर, गाभाऱ्याच्या पायरीशी येतो तसा. एकदा श्रीनाथबुवा मागच्या सीटवर पेटी सांभाळत बसले होते, म्हणाले, "मास्तर, तुमच्या गाडीक देवळाचो वास येता." मी त्या दिवशी घरी येईपर्यंत हवेत होतो. पुढे आठवडाभर भेटेल त्याला सांगितलं. ही गाडी मी घेतलीच मुळी बुवांसाठी, असं मी सांगत आलो. चंद्रावतीच्या गुडघ्यांसाठी घेतली असं ती सांगते, आणि दोन्ही खरं आहे. त्याआधी बुवा कीर्तनाला पायलटाच्या, म्हणजे भाडं घेणाऱ्याच्या, मोटरसायकलवर मागे बसून यायचे, उपरणं वाऱ्यावर आणि चिपळ्या खिशात. ते दृश्य मला बघवत नसे. गाडी आली आणि मी तिच्या सेवेला लागलो. रविवारी सकाळी पोदेर पाव टाकून गेला की मी बॉनेट उघडायचो. ऑइलची कांडी काढून पुसायची, पुन्हा बुडवायची, उजेडात धरायची. कूलंट बघायचं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरते, ती गरम पाण्याने धुवायची आणि वर बोटभर ग्रीस. टायरची हवा महिन्यातून दोनदा. "माझ्या गुडघ्यांक कधी तेल लावूंक नाय," चंद्रावती ओसरीवरून म्हणायची, "आनी गाडीक बघा, आंघोळ काय, तेल काय, फूल काय!"

फूल. गाडी घरी आली त्या दिवशी देवळासमोर पूजा झाली, भटजींनी पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरखाली जी काळी जाळीदार पट्टी असते तिच्यावर अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, ठेवला आणि चार अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच एक जास्वंद ठेवलं. मग रोज. अकरा वर्षं रोज, अंगणातलं एक फूल आणि चिमूटभर अक्षता. आणि ज्या ज्या दिवशी कीर्तनाला गेलो त्या त्या दिवशी बुवांनी हातावर ठेवलेलं प्रसादाचं फूलही तिथेच. संध्याकाळी बघावं तर फूल नसायचं. वाऱ्याने उडालं, देवाला गेलं, असं मी म्हणायचो आणि मला ते फार आवडायचं, की ठेवलेलं काही उरत नाही. माणसाला काय काय आवडतं स्वतःबद्दल!

धारगळच्या त्या सावलीत मी डिकीतून स्क्रूड्रायव्हर काढला. चंद्रावती म्हणाली, "अहो, नमन चुकतला." मी ऐकलं नाही असं नाही, ऐकलं, आणि पहिल्यांदाच त्या शब्दाने मला घाई झाली नाही. वायपरचे दांडे उचलले, बाजूच्या टोप्या काढल्या, पट्टीचे स्क्रू शोधले. दोनच होते. दोन स्क्रू हाईत, पट्टी काडून बगतो, असं कुणीतरी अगदी माझ्या कानाशी म्हणालं आणि मी हात थांबवून मागे बघितलं. मागे फक्त भाजीवाली होती. तो आवाज परशुरामाचा होता. जुलैतला.

परशुराम चंदगडकडचा. पेडण्यात रुद्रेशच्या गॅरेजात सात वर्षं होता आणि काचा बसवायचा. दुसरंही करायचा, पण काच हे त्याचं. मे महिन्यात रुंदीकरणाच्या रस्त्यावर ट्रकच्या चाकाखालून खडा उडून माझी पुढची काच तडकली, तेव्हा त्यानेच नवी बसवली. मी शेजारी स्टुलावर बसून बघत होतो. सरस लावलेली काच दोघांनी उचलून आणली, आणि ती टेकवण्याआधी तो क्षणभर नुसता उभा राहिला, श्वास धरून, बुवा आलापाआधी राहतात तसा. मग एकदाच टेकवली. पुन्हा हलवली नाही. मी त्याला तेव्हा म्हटलंही होतं, "परशुराम, हात आहे रे तुला." तो हसला होता. मग जुलै आला, चार दिवस झड लागली आणि डावीकडचा गालिचा भिजला. भिजला म्हणजे पिळावा इतका. मी तसाच गॅरेजात गेलो. शनिवारची सकाळ, टॅक्सीवाला निलेश आपली गाडी घेऊन आलेला, आणखी तिघंचौघं, चहा चाललेला. त्या दिवशी फोंड्याला सप्ताहाची समाप्ती होती आणि मला उशीर होत होता. परशुराम आला, वाकून बघितलं, काचेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मास्तर, काच माझी न्हाई गळत. पायपानं पाणी मारून दावतो, पाच मिंटं थांबा." मी म्हटलं मला वेळ नाही. तो म्हणाला, "मग ही खालची पट्टी बगूया. दोन स्क्रू हाईत, पट्टी काडून बगतो." आणि त्याने पट्टीवर हात ठेवला.

पट्टीवर त्या सकाळचं फूल होतं.

"त्या फुलाला हात लावू नको," मी म्हणालो. त्याने हात मागे घेतला. त्याच्या बोटांना ऑइल होतं म्हणून मी म्हणालो, असं मी नंतर किती दिवस स्वतःला सांगितलं. पण बोटांना ऑइल रुद्रेशच्याही होतं, आणि रुद्रेशने हात लावला असता तर माझ्या तोंडून ते वाक्य आलं नसतं. हे मला धारगळला कळलं, की जुलैतच कळलं होतं आणि मी त्याच्यावरही एक फूल ठेवलं होतं, कोण जाणे. परशुराम नुसता उभा राहिला. त्याचं ते उभं राहणं मला उद्धट वाटलं. मी रुद्रेशकडे वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, वर्गात वापरायच्या आवाजात म्हणालो, "ह्या घाट्यांका काय कळता? काच बसवूंक येना आनी गाडी उसवूंक बघतत." कुणीतरी हसलं. मी गाडी काढली आणि फोंड्याला गेलो. नमन मिळालं. उत्तररंगात एका निरपराध सेवकावर आळ येतो अशी कथा होती, बुवांनी ती अशी काही रंगवली की सारा मंडप मुसमुसत होता. मीही रडलो. ज्या रुमालाने गॅरेजात काचेवरचं पाणी टिपलं होतं, त्याच रुमालाने डोळे पुसले. परतताना गाडीत तो देवळाचा वास होता आणि मी तृप्त होतो.

धारगळला पट्टी निघाली. तिच्याखाली गाडीच्या रुंदीएवढी एक पन्हळ असते, पावसाचं पाणी तिच्यात उतरतं आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून खाली जातं. भोकं दिसत नव्हती. तिथे काळसर चिखल होता, आणि हात घातला तर तो चिखल नव्हता. पाकळ्या होत्या. पट्टी आणि काचेमधल्या फटीतून रोज आत घसरून, एकावर एक बसून कातड्यासारख्या झालेल्या पाकळ्या, अबोलीचे वळेसर, केळीचा दोर अजून गाठीसकट, तुळशीच्या काड्या, शेवंती, दसऱ्याच्या झेंडूचा वरचा ताजा थर. आणि मध्ये, सांगायला लाज वाटते, अक्षतांत टरफलासकट राहून गेलेले दाणे उगवले होते. बोटभर उंचीची फिकट, उजेड न बघितलेली भाताची रोपं. डाव्या भोकाशी पाणी तुंबलेलं होतं, सकाळी मी गाडी धुतली त्याचं. पन्हळीच्या कडेवरून ते हवा आत घेणाऱ्या तोंडात उतरत होतं. म्हणजे अकरा वर्षांची माझी भक्ती काही देवाला गेली नव्हती. ती तिथेच साठली होती आणि तिने पाण्याची वाट अडवली होती, आणि ते पाणी मी एका माणसाच्या नावावर टाकलं होतं. मी बॉनेटवर हात टेकला. पत्रा तापलेला होता, हात भाजला, तरी काढला नाही.

"काय मेळला?" चंद्रावती खाली उतरून आली. बघितलं. मग म्हणाली, "त्याचो काय दोष नाय म्हणजे."

"कुणाचो?" मी उगाच विचारलं.

"सोंग करू नकात. परशुरामाचो." तिने झेंडूचं एक फूल उचललं, झटकलं, पुन्हा ठेवलं. "त्याची बायल मंजुळा माका बाजारात भेटलली, चवथीच्या आधी. रुद्रेशान त्याका काडून टाकल्यान. तुमी अर्ध्या गावच्यो गाड्यो धाडतास त्याच्याकडे, तुमका दुखवीत तो? आनी वळखीच्या गॅरेजवाल्यांक सांगल्यान, काच ह्याच्याकडसून बसवू नकात म्हणान. आता तो डिचोलीक टिपरांच्या गॅरेजीत आसा. ग्रीस मारता."

"तू मला सांगितलं नाहीस."

"तुमी ऐकला असता?" ती म्हणाली. उत्तर तिच्याकडे होतं, पण ती भली बाई आहे, तिने ते दिलं नाही.

ते सगळं मी एका पिशवीत भरलं. का भरलं? पुरावा म्हणून, आणि टाकवतही नव्हतं. मग कोलवाळचा पूल, मग अस्नोडा. गाडी चालत होती, उत्तम चालत होती, इंजिनाचा आवाज एकसारखा, आणि मला प्रथमच त्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. भोकं मोकळी झाली होती, काम पाच मिनिटांचं होतं. पाच मिंटं थांबा. मी आयुष्यात कीर्तनाला किती तास बसलो असेन? मांडीला मुंग्या येईतो, पाठ मोडेतो. आणि एका माणसाने मागितलेली पाच मिनिटं माझ्याकडे नव्हती. वाटेत मी मनात वाक्यं रचू लागलो. परशुराम, गैरसमज झाला. परशुराम, त्या दिवशी मी घाईत होतो. प्रत्येक वाक्यात मी सुटत होतो. चाळीस वर्षं पोरांची उत्तरं तपासल्याने असेल, पळवाट काढलेलं उत्तर मला लगेच ओळखू येतं, स्वतःचं असलं तरी. ओळखायला वेळ लागतो इतकंच. मग वाटलं, देवळात जावं, देवासमोर नाक घासावं, अभिषेक करावा. ही कल्पना आली आणि केवढी हलकी वाटली! इतकी हलकी, की तिचाच मला संशय आला.

डिचोलीत शिरताना लाउडस्पीकरवरून झांजांचा आवाज आला. चार वाजले होते. उजवीकडे देऊळ, डावीकडे जुन्या खाणीचा रस्ता. चंद्रावतीने माझ्याकडे बघितलं नाही, समोर बघत राहिली. मी डावीकडे वळलो. नमन सुरू झालं होतं, ते मागे मागे जात ऐकू येईनासं झालं. आतून कुणीतरी मला धरून देवळाकडे ओढत होतं, खोटं कशाला सांगू.

परशुराम खाणीच्या एका टिपर ट्रकच्या खाली होता, फक्त पाय दिसत होते. मी हाक मारली. पाय हलले नाहीत. मी पुन्हा हाक मारली, नाव घेऊन. खालून आवाज आला, "कोण, मास्तर? आज कीर्तनाला उशीर न्हाई व्हय झाला?"

"झाला," मी म्हणालो. "जात नाही."

तो बाहेर सरकला. तीन महिन्यांत वाळला होता, की ग्रीसमुळे तसा दिसत होता. उठून बसला, उभा राहिला नाही. मी पिशवी उघडून त्याच्यासमोर धरली आणि रचलेली सगळी वाक्यं गेली. "माझीच घाण होती ही," मी म्हणालो. "पट्टीखाली. भोकं बुजलेली."

त्याने आत बघितलं. भाताची रोपं बघून त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. "घाण कशाला म्हंता," तो म्हणाला. "फुलं हाईत ती." मग पिशवी माझ्याकडे ढकलली. "पर हे मला कशाला दावताय? मला ठावं हुतं. त्या दिवशी वास आल्ता की मला. ज्यांना ठावं न्हाई त्यांना दावा."

"मी देवापुढे..."

"देव कशाला मदी घालताय? देवाला म्हणाला हुता काय घाटी? निलेश हुता तितं, रुद्रेशशेट हुतं, चा पीत हुती समदी. तितं म्हणालात, तितंच सांगा." त्याने आपले हात वर करून बघितले, दोन्ही बाजूंनी, दुसऱ्याचे असावेत तसे. "काचंला बोटं लागतात मास्तर. कडा कुठं बसली ती बोटालाच कळती. तीन म्हैनं झालं, निस्ता ग्रीस. इसरत्यात वो बोटं." एवढं बोलून तो पुन्हा टिपरखाली गेला. मी तिथे किती वेळ उभा होतो ते चंद्रावतीला माहीत. देव त्या गॅरेजात नव्हता असं त्याला वाटत होतं. मला तसं म्हणायचीही सोय नव्हती. मी तर जन्मभर म्हणत आलो की तो सगळीकडे असतो. म्हणजे त्या शनिवारी चहा पिणाऱ्यांत तोही होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं.

शनिवारी सकाळी मी रुद्रेशच्या गॅरेजात गेलो. मुद्दाम चहाच्या वेळेला. निलेश होता, आणखी पाच-सहा होते. रुद्रेश उठला, "येयात मास्तर, बसा, च्या घेतास?" मी बसलो नाही. स्क्रूड्रायव्हर काढला, वायपर उचलले, सगळ्यांसमोर पट्टी काढली, पिशवी बॉनेटवर उपडी केली. आणि सांगितलं. परशुरामाची काच गळत नव्हती, तो पाणी मारून दाखवत होता, तो हीच पट्टी काढायला सांगत होता, मी त्याला हात लावू दिला नाही. का लावू दिला नाही तेही सांगितलं. मी त्याला घाटी म्हणालो, तुमच्यासमोर म्हणालो, म्हणून तुमच्यासमोर सांगतोय.

"मास्तर, हय नको," रुद्रेश हळूच म्हणाला, "आत येयात."

निलेश हसला. "मास्तर तर कीर्तन करूंक लागले! पेटी खंय? अहो, घाटी म्हटल्यार काय झाला? सगळेच म्हणतत."

"म्हणून तर मला तीन महिने कळलं नाही," मी म्हणालो. "पोरांना मी चुकीचं उत्तर खोडायला लावायचो. सगळ्या वर्गाने तेच लिहिलं म्हणून बरोबर व्हायचं नाही ते."

एकाने बॉनेटवरचं रोप उचलून बघितलं. मी रुद्रेशला म्हटलं, ज्यांना ज्यांना तू सांगितलंस परशुरामाकडून काच बसवू नका, त्यांना फोन कर. त्याचा चेहरा उतरला. "तसा कसा करू? माझांच नाव जातला. आपूण खोटां सांगलां म्हणान सांगू?" त्याच्यावर मी रागावलो नाही. त्याने जे केलं ते माझ्या शब्दावर केलं होतं. "मग नावं दे," मी म्हणालो, "मी जातो." तो टाळत राहिला. मी थांबलो. त्या दिवशी मी पाच मिनिटं थांबलो, दहा थांबलो, चहा निवला, निलेशची गाडी झाली नि तो गेला, मी उभाच. शेवटी त्याने पाठ वळवून चार नावं सांगितली. कोलवाळ, म्हापसा, अस्नोडा, डिचोली.

चार दिवस, चार गॅरेजं. चंद्रावती प्रत्येक वेळी बरोबर होती, गाडीतच बसायची, काच खाली करून. पहिल्या ठिकाणी मालकाला वाटलं मी काहीतरी विकायला आलोय. म्हापशाला एकजण म्हणाला, "काका, तब्येत बरी मां?" अस्नोड्याला तर मी पट्टी काढत असताना तिथल्या माणसाने मलाच कामाची चूक दाखवली, वायपरची टोपी उलटी लावताय म्हणून. सगळीकडे तेच सांगत होतो आणि दर वेळी ते थोडं अधिक सरळ होत होतं. दर वेळी त्यातून माझं एखादं कारण गळून पडत होतं. घाई गळाली. पाऊस गळाला. चवथ्या ठिकाणी फक्त तीन वाक्यं उरली होती. डिचोलीचा तो मालक म्हातारा होता, ऐकून घेतलं आणि विचारलं, "परशुराम म्हणजे चंदगडचो मां? तो अजून काच करता?"

"करतो," मी म्हणालो. आणि मला बोटं आठवली, पण मी शब्द मागे घेतला नाही. "त्याच्याइतका हात पेडण्यात दुसऱ्याचा नाही."

गाडीत बसलो तर चंद्रावती म्हणाली, "आज बरां सांगलात." बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या बोलण्याला ती बरं म्हणाली असेल तर ती दुसरी वेळ.

परशुरामाने मला माफ केलं का, हे तुम्ही विचाराल. मला माहीत नाही. त्याने सांगितलेलं नाही आणि मी विचारायला गेलेलो नाही. माफी मागून घेण्यासाठी पुन्हा त्याच्या कामात शिरावं हे मला बरं वाटत नाही. एवढं सांगतो. मार्गशीर्षात एकदा डिचोलीहून जाताना त्या म्हाताऱ्याच्या गॅरेजासमोर एक बस उभी होती, आणि दोघांनी पेललेली भली मोठी काच, तिच्यामागे परशुराम. काचेतून आरपार दिसत होता, दोन्ही हात पसरलेले, श्वास धरून उभा. मी गाडी हळू केली. थांबवली नाही. हाक मारली असती तर त्याने मान वळवली असती. पुढच्या वळणापर्यंत मी आरशात बघत होतो. काच टेकली.

तर बाबांनो, आयांनो, बुवा आपल्याला शेवटी देवाचं नाव घ्यायला लावतात, ते तुम्ही घ्यालच. माझं मागणं वेगळं आहे. आज संध्याकाळी घरी दिवा लावाल, हात जोडाल, तेव्हा देवाच्या नावामागून एक नाव आणखी घ्या. माझं नको. परशुरामाचं घ्या, चंदगडचा परशुराम, काच बसवणारा. त्याची आठवण ठेवा.